घडी पडलेली चांदी

पद्माकरराव चौबळांनी जन्मभर एकच काम केलं. काळ्या फिल्मवरची पांढरी सावली बघायची आणि ती कसली आहे ते सांगायचं. इंग्लंडात आधी पिनरला राहत होते तेव्हा हेच, मेडनहेडला घर घेतलं तेव्हाही हेच. एक्स-रे वाचणारे डॉक्टर. त्यातही पोरांनी गिळलेल्या वस्तू ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. फिल्म लाइटबॉक्सवर लागायचा अवकाश, हे म्हणणार, "टू पेन्स आहे, उद्यापर्यंत येईल बाहेर." किंवा, "शाळेच्या ब्लेझरचं बटण." एकदा तर बाहुलीच्या घराची बिजागरी ओळखली होती. रडणाऱ्या आईला आधी पटेना. घरी जाऊन बघते तर बाहुलीचं दार खरंच निखळलेलं.

पण कन्सल्टंट काही झाले नाहीत. तीनदा इंटरव्ह्यूला गेले आणि तीनदा 'व्हेरी स्ट्राँग फील्ड धिस इयर' ऐकून परत आले. ओळखायचं ह्यांनी आणि रिपोर्टखाली सही दुसऱ्याची, असा प्रकार वर्षानुवर्षं चालला. तोंडातून ते कधी ब्र काढायचे नाहीत. मनात मात्र ते सलत होतं, आणि त्यांच्या बायकोला, सुमेधाबाईंना, ते पक्कं ठाऊक होतं.

एकोणीसशे एकोणनव्वद साली रिटायर झाले. मुलगी मंजिरी मिल्टन कीन्सला कॉम्प्युटरच्या कंपनीत. तिने बाबांना मेटल डिटेक्टर आणून दिला. इथे जन्मलेली पोर, मराठी बोलायची हौस दांडगी, फक्त लिंगांशी तिचं कधी जमलं नाही. "बाबा, तुम्ही घरात बसून आईची डोका खाणार. त्यापेक्षा शेतात जा," म्हणाली. पद्माकररावांनी ते यंत्र उलटसुलट करून पाहिलं. लांब दांडा, खाली थाळीएवढी चकती, कानाला हेडफोन. जमिनीच्या पोटातलं ओळखायचं यंत्र! बुवा खूश झाले. आपलाच धंदा, फक्त पेशंट मोठा.

आणि इथेच फजिती सुरू झाली.

शेतकऱ्याची परवानगी काढून जायचे, चकती फिरवायची, टीं वाजलं की गुडघ्यावर बसून खुरप्याने वीतभर उकरायचं, वस्तू काढायची, खड्डा नीट बुजवायचा. घरी आल्यावर वहीत नंबर, तारीख, पेन्सिलने काढलेलं चित्र, आणि शेवटच्या रकान्यात 'काय असावं'. हा शेवटचा रकाना त्यांच्या जिवावर उठला. पितळेची पोकळ गोळी सापडली, आत खडा, हलवली की वाजायची. ह्यांनी लिहिलं, 'घुंगरू'. आणि मग इंग्लंडात सतराव्या शतकात कोण नाचत होतं, ह्या विचाराने चार दिवस झोप नाही. शेवटी गावातल्या छोट्या म्युझियममध्ये घेऊन गेले. लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि त्या सांभाळणाऱ्या मिस ऑलवुड. पन्नाशीच्या, कार्डिगनच्या बाह्या कोपरापर्यंत ओढलेल्या, बोलायला गोड. त्यांनी गोळी कानाशी हलवली आणि म्हणाल्या, "ऑलमोस्ट, डॉक्टर." मेंढीच्या गळ्यातली घंटा होती ती.

मग भोकाची शिशाची चकती आली. ह्यांनी लिहिलं, 'मासेमारीच्या जाळ्याचं वजन'. ऑलमोस्ट, डॉक्टर. लोकर कातायच्या चातीची चकती. पितळेचा वाकडा तुकडा आला, 'पळीचा दांडा'. ऑलमोस्ट. तो घोड्याच्या खोगिराचा भाग निघाला. हॉस्पिटलात कधी न चुकलेला माणूस शेतात धडाधड नापास होऊ लागला. तीन वर्षांत दोनशे तेरा नग झाले, त्यात अचूक ओळखलेले एकवीस, आणि त्यातली अठरा कोटाची बटणं. पद्माकरराव गोंधळून जायचे. हाडं सगळ्यांची सारखी असतात, ते सोपं होतं. पण ह्या मातीत जे पडलंय ते ज्यांच्या हातून पडलं, त्यांचं स्वयंपाकघर, त्यांचा गोठा, त्यांचे सणवार आपल्याला कुठे माहीत आहेत? पंचवीसएक वर्षं इथे राहून आपण घोड्याचं खोगीर कधी हातात धरलेलं नाही, हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं.

सुमेधाबाई यावर काही बोलत नसत. चिखलाचे बूट मागच्या दारापाशी काढा, एवढंच.

ब्याण्णव सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. त्या वर्षी पुलाजवळचा थेम्स नदीचा गाळ उपसून कुकमच्या वाटेवरच्या एका शेतात पसरला होता. डिटेक्टरवाल्यांना गाळ म्हणजे पक्वान्न. पद्माकरराव सकाळीच गेले. तासाभरात टीं वाजलं, असं स्वच्छ की त्यांनी हेडफोन काढून हातानेच गाळ चाचपला. हाताला लागला पातळ पत्रा. काळाकुट्ट, मधोमध घडी पडलेला, काडेपेटीहून जरा मोठा. नखाने कोपरा खरवडला तर खालून चांदी चमकली. घडीच्या बाहेरच्या अंगाला उठावाच्या रेघा होत्या, उभ्या, एकाशेजारी एक, आणि खाली दोन बारीक फुगवटे, पावलं असावीत तसे.

नग नंबर दोनशे चौदा. 'काय असावं' ह्या रकान्यापुढे त्यांनी पेन्सिल टेकवली आणि तशीच उचलली. काहीतरी ओळखीचं वाटत होतं आणि काहीच आठवत नव्हतं. नाव जिभेवर असावं आणि तोंडातून येऊ नये तसं.

सुमेधाबाई सिंकपाशी पालक धूत होत्या. त्यांनी हात पुसले, तो पत्रा घेतला, अंगठा त्या उभ्या रेघांवरून एकदा फिरवला. मग विचारलं, "कुठल्या शेतात?"

तीन वर्षांत बाईंनी एकदाही हे विचारलं नव्हतं. पद्माकररावांना जरा नवलच वाटलं. "कुकमच्या रोडवर. पुलाजवळचा गाळ टाकलाय ना, तिथे."

"हात धुवा. गाळातलं आहे," म्हणाल्या आणि परत पालकाकडे वळल्या.

मिस ऑलवुडनी तो पत्रा भिंगाखाली धरला तेव्हा मात्र 'ऑलमोस्ट' आलं नाही. त्यांनी पत्रा तिरका करून उजेडात फिरवला. मग त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, ह्या रेघा बघा. ड्रेपरी आहे. बाईच्या वस्त्राच्या चुण्या." रोमन लोक देवीला नवस बोलायचे, फळला की चांदीच्या पातळ पत्र्यावर देवीची मूर्ती ठोकून वाहायचे, कधी देवळात, कधी पाण्यात. वाहताना पुष्कळदा पत्रा दुमडायचे, असं त्या म्हणाल्या. नदी, चांदी, घडी, चुण्या. सगळं बसत होतं. "आय डोन्ट वॉन्ट टु गेट युवर होप्स अप," असं म्हणताना त्यांचाच आवाज कापत होता. तसं ठरलं तर काचेच्या कपाटात मधोमध ठेवायचा, आणि खाली कार्ड: फाउंड अँड रेकग्नाइज्ड बाय डॉक्टर पी. चौबळ.

फाउंड अँड रेकग्नाइज्ड. शोधला आणि ओळखला. पद्माकररावांचे कान तापले. एकसष्टाव्या वर्षी का होईना, सही त्यांची.

फक्त घडी उघडता येत नव्हती. जुनी चांदी ठिसूळ होते, उघडायला गेलं तर मोडेल. आत मूर्ती कशी आहे ते बघायला एक्स-रे हवा, आणि लंडनच्या लॅबला पाठवलं तर सहा महिने. पद्माकररावांनी छातीवर हात ठेवला. "मिस ऑलवुड, यू आर लुकिंग ॲट युवर लॅब."

जुन्या डिपार्टमेंटमध्ये ब्रायन अजून होता. त्याने हसत हसत फिल्म काढून दिली. पद्माकररावांनी सवयीने ती ओलसर फिल्म लाइटबॉक्सवर खोचली, चष्मा वर केला आणि वाचायला लागले. घडीचे दोन्ही पदर एकावर एक दिसत होते, पण त्यांना त्याचं काय? तीस वर्षं तेच केलेलं. खालचा भाग, चुण्या. वरचा भाग, दोन हात छातीशी जोडलेले. गोल चेहरा, मोठे डोळे. आणि चेहऱ्याच्या मधोमध, जरा डावीकडे, एक ठिपका. बाकी सगळ्याहून पांढरा. राळ्याच्या दाण्याएवढा, पण एवढा पांढरा की भोवतालची चांदी फिकी वाटावी.

चांदीहून पांढरं काय दिसतं? सोनं. चांदीच्या बाईच्या नाकात सोन्याचा ठिपका.

पद्माकरराव मागच्या खुर्चीवर बसले. ब्रायनने विचारलं, "यू ऑल राइट, डॉक?" त्यांनी मान हलवली, पण होय म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते सोनं त्यांनी स्वतः सोनाराच्या हातावर ठेवलं होतं. दादरला, एकोणीसशे साठ साली.

आता थोडं मागचं सांगायला हवं. सुमेधाबाई ही पद्माकररावांची दुसरी बायको. पहिली रेखा. लग्नाला चौदा महिने झाले आणि बाळंतपणात गेली, बाळही गेलं. पद्माकरराव त्या दिवशी ड्यूटीवर होते, दुसऱ्याच हॉस्पिटलात, दुसऱ्याच लोकांच्या फिल्म वाचत. आईने पद्धतीप्रमाणे रेखाचा टाक करून घेतला. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाई, हात जोडलेली, निऱ्यांचं लुगडं नेसलेली. रेखाच्या नथीतलं गुंजभर सोनं काढून सोनाराने नाकापाशी बसवलं. दोन वर्षांनी बिजवराच्या गळ्यात माळ घालून सुमेधा आली, आणि सासूने देवांबरोबर तोही टाक तिच्या ओटीत घातला. सणावाराला आधी हिला हळदकुंकू, मग स्वतःला. नवी साडी आली की आधी हिच्यापुढे ठेवायची, मग घडी मोडायची. नाहीतर सवत बाधते, असं म्हणायचे.

सुमेधाबाईंनी ते केलं. दादरला केलं, पिनरला फ्लॅटच्या कपाटातल्या देव्हाऱ्यापुढे केलं. पद्माकरराव देवाधर्मातले नव्हेत. ते त्या कपाटाकडे फिरकायचेच नाहीत, आणि टाकाकडे चुकून नजर गेलीच तर लगेच दुसरीकडे वळवायचे. चौऱ्याहत्तरला पिनरहून मेडनहेडला सामान हलवलं. आठवड्याभराने सुमेधाबाई म्हणाल्या, "अहो, रेखाताईंचा टाक सापडत नाही. सामानात कुठे गेला कोण जाणे." पद्माकरराव पेपर वाचत होते. ते म्हणाले, "बरं. जाऊ दे." आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं त्यांना, हेही खरं. त्याची लाज वाटली, मग तीही विसरली.

तर मग तो टाक थेम्सच्या गाळात कसा?

तीन आठवडे पद्माकरराव त्या प्रश्नाभोवती गिरमिटासारखे फिरत राहिले. मिस ऑलवुडचा फोन आला की म्हणायचे, मशीन बिघडलंय, फिल्म नीट आलेली नाही. उभ्या आयुष्यात मशीनवर खापर फोडलं नव्हतं ते आता फोडलं. हलवाहलवीच्या खोक्यातून टाक रस्त्यात पडला आणि पावसाच्या पाण्याबरोबर नदीत गेला, असं एक त्यांनी मनात रचलं. मग दुसरं, की सुमेधाने मत्सराने फेकला. पण बारा वर्षं जिने पहिला हलवा, पहिला तिळगूळ, पहिली साडी त्या चांदीपुढे ठेवली, ती फेकेल? आणि फेकायचाच होता तर पहिल्याच वर्षी का नाही? बाई समोर बसून भाजी निवडायच्या, हे पेपराआडून बघायचे. तीस वर्षांचा संसार आणि ह्या बाईच्या पोटात काय आहे ते आपल्याला वाचता येत नाही, असं लक्षात आल्यावर त्यांना खरंच धास्ती वाटली. विचारावं तर काय विचारावं? आणि नाही विचारलं, गप्प बसलो, तर रेखा रोमन देवी म्हणून काचेच्या कपाटात उभी राहील आणि खाली आपलं नाव. ह्या मोहाने त्यांना दोन दिवस पकडून ठेवलं होतं, उगाच कशाला लपवा. कोणाला कळणार होतं?

मंजिरीचा फोन आला. "बाबा, तुमची फोटो पेपरमध्ये येणार? मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितली." आणि मग, "आई का गप्प आहे? मी बोलले तर फक्त हं हं करतो."

पद्माकररावांनी फोन ठेवला. म्हणजे हे तिकडे मिल्टन कीन्सपर्यंत पोचलं होतं, आणि आपण एका घरात राहून आपल्याच चिंतेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी पाकिटातून फिल्म काढली. बोलायला शब्द सापडेनात तेव्हा जे येत होतं ते केलं. स्वयंपाकघराच्या मोठ्या खिडकीच्या काचेवर फिल्म धरली, मागून नोव्हेंबरचा उजेड. "सुमेधा, जरा हे बघ."

सुमेधाबाई ताटं घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "नथ दिसली का?" म्हणाल्या.

पद्माकररावांचा हात खाली आला. "तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी. सिंकपाशीच. बारा वर्षं निऱ्यांवर कुंकू लावलंय मी, अंगठ्याला कळणार नाही होय?"

"मग बोलली नाहीस."

"तुम्ही केवढे आनंदात होतात. रोमन काय, कार्ड काय. मला वाटलं, मिळू दे एकदा नाव." ताट निथळायला ठेवत त्या म्हणाल्या. "आणि मला बघायचं होतं, तुम्ही ओळखता का."

"सुमेधा, तो टाक नदीत कसा गेला?"

बाईंनी नळ बंद केला. हात पुसून खुर्चीवर बसल्या. आवाज चढला नव्हता, पण खाली बघून बोलत होत्या.

"हरवला नव्हता. माझ्याच कपाटात होता, पिवळ्या शालीत. मी तुम्हाला हरवला म्हणून सांगितलं ते मुद्दाम. म्हटलं, बघू या हे काय करतात. चिडतात का, शोधतात का. एक खोकं उघडून बघितलं असतं ना तुम्ही, एक, तरी मी काढून दिला असता. तुम्ही म्हणालात, बरं, जाऊ दे. मी तीन महिने वाट पाहिली. सकाळी देवापुढे बसले की वाटायचं, आज विचारतील. तुम्ही काही विचारलं नाहीत."

पद्माकरराव उभेच होते. फिल्म हातात वाकडी झाली होती.

"मला तिचा राग नव्हता हो," सुमेधाबाई म्हणाल्या. "सुरुवातीला भीती वाटायची. मग मी तीस वर्षांची झाले, पस्तीस झाले, आणि ती आपली बावीसचीच. धाकटी बहीण असावी तशी. घरात तिच्याशी बोलणारी मी एकटी. मनात आलं, माझ्या माघारीही हे असंच म्हणतील, बरं, जाऊ दे. मग जिला कोणी शोधत नाही, तिला कपाटात कशाला डांबून ठेवायचं? नवीन साडी तिच्यापुढे ठेवली, हळदकुंकू लावलं, आणि पुलावर जाऊन सोडली. संक्रांत होती. कोणी बघत नव्हतं." मग म्हणाल्या, "आणि तुम्ही रिटायर झाल्यावर काय केलंत? परक्या लोकांची बटणं शोधत तीन वर्षं शेतं उकरलीत. वह्या भरल्यात. मी बूट पुसत होते आणि म्हणत होते, ह्या माणसाला शोधता येत नाही असं नाही."

पद्माकररावांना खरं तर सांगायचं होतं की मी बघत नव्हतो कारण मला बघवत नव्हतं. पण तीस वर्षांनी ते वाक्य तोंडात घेतलं तर ते इतकं लंगडं वाटलं की त्यांनी ते गिळलं. ते म्हणाले, "चूक झाली माझी." बाई म्हणाल्या, "हो," आणि राहिलेली भांडी घासायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी ते पत्रा घेऊन म्युझियममध्ये गेले. कार्ड आधीच छापून आलं होतं, मिस ऑलवुडनी ते दोन बोटांत धरून दाखवलं. क्रीम रंगाचं, सुबक. पद्माकररावांनी ते पूर्ण वाचलं, मग म्हणाले, "मिस ऑलवुड, हे रोमन नाही. हे एकोणीसशे साठचं आहे. मुंबईच्या सोनाराने केलेलं."

"आय सी," त्या म्हणाल्या, पण त्यांच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. "आणि ही देवी कोण?"

"ही माझी पहिली बायको."

मिस ऑलवुडनी त्यांच्याकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं, परत त्यांच्याकडे. इतक्या वर्षांत लोकांनी त्यांच्यापुढे काय काय आणून टाकलं असेल, पण हे नाही. "युवर वाइफ," त्या म्हणाल्या. "इन द थेम्स." मग त्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी किटली लावली. चहा पिताना पद्माकररावांनी सगळं सांगायचा प्रयत्न केला. टाक म्हणजे काय, सवत म्हणजे काय, दुसऱ्या बायकोने पहिलीला कुंकू का लावायचं. सांगता सांगता तेच गोंधळले. दर वाक्याला मिस ऑलवुड मान हलवत होत्या. शेवटी कप खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे ज्यांनी ही नदीत वाहिली त्या बाई अजून आहेत? ज्यांना सगळं विचारता येईल अशा? डॉक्टर, माझ्या अख्ख्या नोकरीत हे एकदाही झालेलं नाही." आणि त्यांनी पत्रा कापसात गुंडाळून डबीत घालून त्यांच्या हातात दिला. उघडू मात्र नका, मोडेल, असं दोनदा बजावलं.

कार्ड त्यांनी मागितलं नाही. मिस ऑलवुडनीही दिलं नाही.

घरी आले तेव्हा सुमेधाबाई पोळ्यांची कणीक मळून गॅसवर तवा ठेवत होत्या. पद्माकररावांनी डबी ओट्यावर ठेवली. "सांगून आलो. उघडायचा नाही म्हणाल्या आहेत, चांदी ठिसूळ असते."

"काही ठिसूळ नसते. दोन हजार वर्षांची थोडीच आहे. गाळ उपसताना यंत्राखाली दुमडली असेल." बाईंनी कणकेचे हात धुतले, पत्रा घेतला, आणि ते नको नको म्हणेपर्यंत दोन्ही अंगठे घडीत घालून हळूहळू उघडला. घडीपाशी बारीक चीर पडली, बाकी धड राहिला. मग जुन्या टूथब्रशवर टूथपेस्ट घेऊन घासायला बसल्या. ज्याच्यासाठी लंडनची लॅब सहा महिने घेणार होती ते काम सिंकपाशी पाच मिनिटांत झालं. आधी हात निघाले, मग गळा, मग चेहरा. नाकापाशी तो पिवळा ठिपका. त्यांनी पदराने टाक कोरडा केला आणि टेबलावर नवऱ्यापुढे ठेवला.

"आता बघा. नीट बघा."

पद्माकररावांनी चष्मा वर केला. जन्मभर ज्या डोळ्यांनी वाचलं त्या डोळ्यांनी वाचायला लागले. गोल चेहरा, बदामासारखे डोळे, सरळ ओठ. मग त्यांची मान हलली.

"ही ती नाही," ते म्हणाले. "म्हणजे ती अशी नव्हती दिसत. सोनाराने आपला साचा ठोकलाय. सगळ्या बायका अशाच करतो तो."

"मग कशी होती?" सुमेधाबाईंनी विचारलं. "बारा वर्षं मी हिलाच बघितलं, आणि तुमच्या दोघांच्या लग्नाचा तो एक फोटो. मला कोणी सांगितलंच नाही."

पद्माकररावांना एकदम काही आठवेना, आणि आठवत नाही ह्याचीच भीती वाटली. पिंजारलेले केस होते का, उंची केवढी, आवाज कसा. हाताला काही लागेना. मग कुठूनतरी एक गोष्ट वर आली, अगदी लहान.

"तिचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता," ते म्हणाले. "त्याची तिला लाज वाटायची. म्हणून फोटोत कधी हसायची नाही. ओठ गच्च मिटून बसायची."

सुमेधाबाई लग्नाच्या त्या फोटोकडे कितीदा बघत बसल्या असतील. सासूच्या पेटीत असायचा तो.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, गर्विष्ठ होती."

"छे गं. दातामुळे."

तवा तापून धूर यायला लागला होता. बाईंनी उठून गॅस बंद केला, परत येऊन खुर्ची जवळ ओढली, आणि म्हणाल्या, "अजून सांगा."